पक्ष्यांचे पाणी कोणी पळविले?

परभणी जिल्ह्यात एकही अभयारण्य नाही. राष्ट्रीय उद्यान तर नाहीच नाही. नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात जंगल जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भरते आणि तेही जिंतूरच्या डोंगरात व गंगाखेडकडच्या बालाघाटाच्या माळावर तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले आहे. बाकी सारी काळी, कसदार, नांगराखाली आलेली जमीन. त्यामुळे शेतीमुळे अभयारण्यातले पशुपक्षी धोक्यात आले, अशी बातमी वाचली की परभणीच्या माणसाला वाटते, हे मेळघाटचे किंवा ताडोबाचे प्रकरण असणार. आपला त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे आणि तो २०८ किलोमीटर लांबीचा आहे. पैठणच्या जायकवाडी धरणातून निघालेला डावा कालवा जालना जिल्हा ओलांडून परभणी जिल्ह्यात येतो. पाथरी, मानवत, परभणी या तालुक्यांतली रानं त्याच्या पाण्यावर भिजतात. हे पाणी ज्या नाथसागरातून येते तो नाथसागर नुसते धरण नाही. १९८६ साली महाराष्ट्र शासनाने सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा हा सारा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केलेला आहे. म्हणजे मानवतच्या कापसाला आणि पाथरीच्या उसाला आपण जे पाणी देतो, ते कायद्याने संरक्षित अशा अभयारण्यातून उपसलेले पाणी आहे. ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शाळेत शिकवीत नाहीत, पाटबंधारे खाते सांगत नाही आणि साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत तर हा विषय निघण्याचे कारणच नाही.

या अभयारण्यात शेतीमुळे पक्ष्यांचे नुकसान होते, अशी तक्रार पक्षीमित्र आणि वनखाते कित्येक वर्षे करीत आले आहेत. तक्रार खोटी नाही. पण या तक्रारीत 'शेती' म्हणजे कोणाची शेती, हा प्रश्न कधी विचारला जात नाही. बोट दाखविले जाते ते काठावरच्या गाळात चार पायली हरभरा पेरणाऱ्या माणसाकडे. अभयारण्याच्या हद्दीत त्याचे औत दिसते, म्हणून गुन्हेगार तो. हद्दीच्या बाहेर, दोनशे किलोमीटरवर जी शेती या जलाशयाचा घोट घेते, ती कोणाला दिसत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

आधी नाथसागराविषयी थोडे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला जिवंत साठा ७६ टीएमसी. मराठवाड्याच्या कोरड्या घशाला पाणी मिळावे म्हणून शंभराहून अधिक गावांनी आपली घरेदारे, पिढ्यांची शेती आणि पूर्वजांची स्मशाने पाण्याखाली दिली. जलाशय पसरट आणि उथळ आहे. कडेचा उतार इतका मंद आहे की पाण्याची पातळी हातभर उतरली तरी मैलभर जमीन उघडी पडते. हीच गोष्ट पक्ष्यांच्या पथ्यावर पडली. हिवाळ्यात उत्तरेकडून, हिमालयापलीकडून हजारो पक्षी येथे उतरतात. रोहित येतात, पट्टकादंब येतात, करकोचे येतात, चिखलात चोच खुपसून किडे वेचणारे तुतवार येतात आणि तांबूस-पिवळ्या रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने येतात.

चक्रवाकाचे नाव आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने ओळखीचे वाटले पाहिजे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर जो पाचवा स्तंभलेख कोरविला, त्यात मारू नयेत अशा जीवांची यादी आहे. त्या यादीत पोपट आहे, मैना आहे, हंस आहे आणि चक्रवाकही आहे. त्याच लेखात आणखी दोन आज्ञा आहेत, ज्यांचा उल्लेख क्वचितच होतो: ज्यात जीवजंतू आहेत असा भुसा जाळू नये आणि निष्कारण वनाला आग लावू नये. म्हणजे शेतकऱ्याने खळ्यावरच्या भुशाचे काय करावे, हादेखील जीवसृष्टीच्या रक्षणाचा प्रश्न आहे, हे तेवीसशे वर्षांपूर्वी एका बौद्ध राजाला कळले होते. अभयारण्याची कल्पना युरोप-अमेरिकेतून आली असे मानणाऱ्या आपल्याकडच्या विद्वानांनी हा लेख एकदा वाचावा. आपल्या चळवळीतल्या काही मंडळींनीही वाचावा. 'पक्षी वाचवा' हे भरल्या पोटाच्या लोकांचे खूळ आहे, असे आपल्यातही बोलले जाते. संविधानाच्या कलम ५१-अ (ग) मध्ये वने, तळी, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करणे व प्राणिमात्रांबद्दल करुणा बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते आपल्यालाही लागू आहे.

आता गाळपेर. पावसाळ्यात धरण भरते आणि दिवाळीनंतर पाणी ओसरू लागते, तसतशी काठाची ओली, गाळाची जमीन उघडी पडत जाते. या जमिनीत नांगरट फारशी लागत नाही, खत लागत नाही, सुरुवातीला पाणीही लागत नाही. ओलीवर हरभरा, ज्वारी, गहू, करडई येते आणि उन्हाळ्यात टरबूज व चारा. ही जमीन सरकारची, म्हणजे पाटबंधारे खात्याची. ती धरणग्रस्तांना आणि भूमिहीनांना हंगामापुरती कसायला द्यायची, अशी जुनी पद्धत आहे. ज्याची जमीन धरणात बुडाली त्यालाच ती वर्षातून चार-सहा महिने पाण्याबाहेर आली की पेरायला द्यायची, यात न्याय होता. येलदरीच्या धरणाखाली जिंतूर तालुक्यातल्या ज्या गावांचे शिवार गेले, तिथल्या लोकांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

पण त्यात जो उपद्रव आहे तोही सांगितला पाहिजे. हंगाम संपेपर्यंत गाळपेर करणारा पाण्याच्या मागे मागे सरकत जातो. जिथे तुतवार किडे वेचतात, तोच ओला पट्टा तो पेरतो. पट्टकादंबांचे थवे रात्री हरभऱ्यावर उतरतात आणि सकाळपर्यंत शेंडे खुडून नेतात. मग फटाके वाजविले जातात, जाळी लावली जातात. घाटे अळीसाठी मारलेले विष पहिल्या पावसात सरळ जलाशयात उतरते, कारण मध्ये बांध नाही, झाड नाही, काही नाही. उन्हाळ्यात टिटवी आणि नदी सुरय उघड्या वाळूवर, मातीच्या ढेकळांत अंडी घालतात. तिथे ट्रॅक्टर फिरला की त्या वर्षीची पिल्ले संपली. आणि आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे: कागदावर एक आणि औतावर दुसरा, हा प्रकार गाळपेरातही चालतो. भूमिहीनाच्या नावावरचा पट्टा गावचा पुढारी ट्रॅक्टरने कसतो आणि नाव असलेला माणूस त्याच शेतात रोजाने कामाला असतो. त्यामुळे गाळपेराचे समर्थन म्हणजे गाळपेरात चालते त्या सगळ्याचे समर्थन नव्हे.

एवढे मान्य करूनही मूळ प्रश्न तसाच राहतो. तुतवाराचा चिखल राहतो तो पाणी हळूहळू ओसरले तर. ऑक्टोबर ते मे अशा आठ महिन्यांत पातळी थोडी थोडी उतरत गेली तर दर आठवड्याला नवा ओला पट्टा उघडा पडतो, त्यात किडे असतात, पक्ष्यांना ताजे अन्न मिळत राहते. पाणी झपाट्याने खाली गेले तर तोच पट्टा चार दिवसांत वाळून भेगाळतो. तिथे शेतकरी पेरो वा न पेरो, पक्ष्याला काही मिळत नाही. मग पाणी झपाट्याने खाली कशाने जाते?

काही पाणी बाष्पीभवनाने जाते, ते तर कोणीच अडवू शकत नाही. शहरांना आणि औद्योगिक वसाहतींना पाणी लागते. वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणांवर धरणे झाली, त्यामुळे मुळात येणारे पाणीच घटले. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ साली झाला, मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ साली आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली समन्यायी वाटपाच्या बाजूने निकाल दिला. तरीही तुटीच्या प्रत्येक वर्षी मराठवाड्याला आपल्या हक्काच्या पाण्यासाठी हात पसरावा लागतो. हा अन्याय खरा आहे. मराठवाड्यातले सगळे पुढारी या अन्यायावर तावातावाने भाषणे करतात. पण वरून येणारे पाणी अडविणारा ऊस वाईट आणि खाली आलेले पाणी पिणारा आपला ऊस मात्र चांगला, हे कोणते तर्कशास्त्र?

जायकवाडीची आखणी झाली ती आठमाही पिकांसाठी. डाव्या कालव्याखाली सुमारे १ लाख ४१ हजार हेक्टर आणि उजव्या कालव्याखाली सुमारे ४१ हजार हेक्टर जमीन भिजावी, ज्वारी, गहू, कापूस, भुईमूग यांना पाळ्या मिळाव्यात आणि पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोचावे, असे गणित होते. प्रत्यक्षात कालव्याच्या तोंडाशी आणि मध्यावर ज्यांच्या हातात सत्ता आणि पैसा होता त्यांनी ऊस लावला. ऊस बारमाही. त्याला उन्हाळ्यात पाळी लागतेच. पाळी सुटली नाही तर आमदाराच्या घरासमोर मोर्चा येतो, म्हणून पाळी सुटते. महाराष्ट्रात ऊस लागवडीखालच्या जमिनीच्या सुमारे चार टक्के क्षेत्रावर आहे आणि सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी पितो, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच दाखवून दिले आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ सालीच तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, असे बजावले होते. तो अहवाल कपाटात गेला आणि गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे झाले, त्यांच्या फुगवट्याच्या कडेलाही ऊसच उभा राहिला. टेलचा शेतकरी मात्र अजून कोरड्या चारीकडे बघत बसला आहे.

२०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१५-१६ च्या दुष्काळात जायकवाडीचा जिवंत साठा शून्यावर आला. पिण्यासाठी मृत साठ्यातले पाणी उपसावे लागले. त्या उन्हाळ्यात नाथसागराच्या पोटात भेगा पडलेली जमीन होती. ती अवस्था काठावरच्या हरभऱ्याने आणलेली नव्हती, कारण ओलीवर येणारा हरभरा धरणातले फारसे पाणी घेतच नाही. पण दुष्काळ संपल्यावर 'अभयारण्यातील अतिक्रमित शेती हटवा' ही मागणी पुन्हा वर आली. 'अभयारण्याच्या पाण्यावर ऊस नको' ही मागणी कोणी केल्याचे फारसे ऐकू आले नाही.

कायद्याचा हात कोणावर जड आणि कोणावर हलका पडतो, याचा आणखी एक दाखला अगदी ताजा आहे. नाथसागराच्या पाण्यावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचे ठरले. या जलाशयात मासेमारी करून जगणारा कहार समाज आहे. आमची मासेमारी जाईल आणि अभयारण्याचीही हानी होईल, म्हणून कहार समाजाच्या पंच समितीने दाद मागितली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ साली ती फेटाळली आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिला नकार दिला. सौरऊर्जेला उत्तेजन द्यावे, असे अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राच्या नियमांतच म्हटले आहे, हा त्यामागचा आधार. न्यायालयाचा निर्णय आपण मानतो. सौरऊर्जाही देशाला हवी आहे. पण ज्या पाण्यावर जाळे टाकणारा आणि ज्या गाळात तिफण चालविणारा पक्ष्यांना अडथळा ठरतो, त्याच पाण्यावर पत्रे पसरले तर अडथळा होत नाही, हे कहाराच्या पोराला कसे समजावून सांगायचे?

जायकवाडीच्या आधी याच महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग झाला होता आणि तो कसा फसला, हे आपण पाहिले आहे. माळढोक हा गवताळ माळावरचा मोठा, वजनदार पक्षी. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अभयारण्य घोषित झाले. क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत गावे होती, तालुक्याची शहरे होती, शेकडो शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरच्या जमिनी होत्या. कोणाला विचारले नाही. नकाशावर रेघ ओढली. शेतकऱ्याला जमीन विकायची तर अडचण, घर बांधायचे तर अडचण. त्यातून पक्ष्याविषयी राग तेवढा निपजला. आणि रेघेच्या आत काय चालले होते? उजनीचे कालवे आले, माळ फुटला, जिथे कुसळ आणि पवना वाढत होता तिथे ऊस आणि द्राक्षे आली. ऊस अडविण्याची धमक शासनात नव्हती. अखेरीस २०११-१२ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. पण तोवर उशीर झाला होता. आज नान्नजला एखादी मादी दिसली तरी बातमी होते. ज्या माळावर मेंढ्या चारणारा धनगर आणि ज्वारी-करडई पेरणारा कोरडवाहू शेतकरी होता, त्याच माळावर माळढोक शतकानुशतके जगला. पाटाचे पाणी आणि बागायत आल्यावर तो उठला. म्हणजे शेती आणि पक्षी एकत्र नांदू शकत नाहीत, हा सिद्धांत खोटा आहे. कोणती शेती, एवढाच प्रश्न आहे.

हे सारे परभणीच्या दृष्टीने का महत्त्वाचे, ते आता सांगतो. परभणीत अभयारण्य नाही, पण गायरान आहे. निजामाच्या राज्यात गावोगाव गुरांसाठी राखलेली ही जमीन बहुधा गावातली सर्वात हलकी, खडकाळ, मुरमाड. पण तिथेच गवत राहिले. मारवेल, पवना, कुसळ. गवत राहिले म्हणून टोळ राहिले, टोळ राहिले म्हणून हिवाळ्यात भोवत्या पक्षी घिरट्या घालताना दिसतात. काळवीट राहिले, ससा राहिला, कुठे कुठे लांडगाही. सरकारी नकाशावर ज्याला काही संरक्षण नाही, असे परभणीचे खरे अभयारण्य म्हणजे गायरान, जिंतूर-गंगाखेडचे माळ आणि पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रातले जांभूळबेट.

आणि हेच गायरान आपल्या भूमिहीन माणसाच्या पोटाचे साधन आहे. १९५३ साली बाबासाहेबांच्या हयातीत मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुढे १९६४-६५ साली लाखो माणसे पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्यातून आणि नंतरच्या लढ्यांतून माणसांनी गायरानातले दगड वेचले, एक-दोन एकर वहीत केले. त्यासाठी मार खाल्ला, उभी पिके जाळलेली पाहिली. एकनाथ आवाड यांनी मराठवाड्यात हयातभर याच प्रश्नावर माणसे उभी केली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित, आदिवासी, भटके आणि भूमिहीन यांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे कबूल केले. कबूल केले खरे. पण पाच-पाच, दहा-दहा वर्षे पुरावे गोळा करूनही सातबाऱ्यावर नाव न लागलेली कुटुंबे आजही प्रत्येक तालुक्यात सापडतील.

आता या माणसावर दोन्ही बाजूंनी जाते बसते आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्याच निकालात शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या जमिनींचा अपवाद स्पष्ट शब्दांत केलेला आहे. तहसील कार्यालयात निकालाचा पहिला भाग पाठ असतो आणि दुसरा कोणी वाचलेला नसतो. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरच्या अतिक्रमणांचा विषय स्वतःहून हाती घेतला, नोटिसा निघाल्या, राज्यभर मोर्चे निघाले. त्या वेळी शासनाने सांगितलेली अतिक्रमित बांधकामे दोन लाखांवर होती. आणि आता अलीकडे त्यात नवी भाषा आली आहे: गवताळ प्रदेश वाचवा, जैवविविधता वाचवा, म्हणून गायरान मोकळे करा. मागणी योग्यच वाटते. फक्त मोकळे झालेले गायरान पुढे गवताचे राहते का, हे कोणी बघायला जात नाही. सौरऊर्जेच्या प्रकल्पांना, सरकारी इमारतींना, रस्त्याच्या मुरुमाला गायरानच सापडते. दोन एकर ज्वारीने भोवत्या जात नाही; मुरुमाची खाण झाली की जातो.

काळविटांचा प्रश्न घ्या. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला दगड मारणेही गुन्हा. रानडुक्कर, रोही, हरीण यांनी पीक खाल्ले तर भरपाई मिळते, पण अर्जाला सातबारा जोडावा लागतो. गायरान कसणाऱ्याकडे तो नाही. म्हणजे माळाला लागून त्याचेच शेत, हरणांचा कळप पहिल्यांदा शिरणार त्याच्याच पिकात आणि भरपाई मिळणार ती पलीकडच्या बागायतदाराला. पीककर्जाचेही तेच, विम्याचेही तेच. जो माणूस वन्यप्राण्याचा खर्च स्वतःच्या ताटातून सोसतो, त्यालाच निसर्गाचा शत्रू म्हणायचे! वनहक्क कायदा २००६ साली आला तेव्हा वाटले होते की काही तरी सुटेल. पण आदिवासी नसलेल्यांना तिथे तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याच्या आजोबाला गावकुसाबाहेर घराचा कागदही मिळाला नव्हता, त्याने तो दाखवायचा कुठून?

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी एक गोष्ट अर्थशास्त्राच्या भाषेत मांडली आहे: शेताचा तुकडा लहान आहे हा दोष नव्हे, त्या तुकड्यामागे भांडवल किती आणि त्यावर भार किती, हे पाहा. जैवविविधतेच्या चर्चेत हाच विचार लागू होतो. दोन एकरवाल्याकडे पंप नाही, ट्रॅक्टर भाड्याचा, तणनाशक घ्यायला उधारी. त्याची ज्वारी उभी असते तोवर चिमण्या, होले, लावे तिथे जगतात. कडबा बैलाला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले, देशी गावरान कापसाचे वाण टिकविले. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे हे काम मोठे आहे. पण २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच गावरान कापूस शिवारातून दिसेनासा झाला. खरिपात सोयाबीन आले, ज्वारी मागे पडली. बांधावरची बोरी-बाभळी गेली, तणनाशकाने बांध पिवळे पडले. हा बदल गायरानवाल्याने केलेला नाही. बाजाराने आणि शासनाच्या धोरणाने केला. मोठ्या शेतकऱ्याला त्यातून निदान काही वर्षे पैसा मिळाला.

आणि ज्याचे गायरान सुटते तो जातो कुठे? गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर बघा. उचल घेऊन, बायकापोरांसह, कोयता घेऊन तो ज्या फडात उतरतो, तो फड ज्या पाण्यावर वाढला ते पाणी कधी कधी त्याच नाथसागराचे असते.

मग करायचे काय? पक्ष्यांना विसरून सगळे नांगराखाली घ्या, असे आम्ही म्हणत नाही. कायद्यात वाटा आहेत, त्या वापरल्या जात नाहीत. वन्यजीव कायद्याच्या कलम २४ मध्ये अभयारण्यातील माणसाचा हक्क पुढे चालू ठेवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्याला आहे. २००२ च्या दुरुस्तीने गावाच्या किंवा खासगी जमिनीवर, लोकांच्या संमतीने आणि ग्रामपंचायतीच्या सहभागाने 'समुदाय राखीव क्षेत्र' करता येते. गाळपेराचा पट्टा खऱ्या धरणग्रस्ताला आणि भूमिहीनालाच द्यावा आणि त्यात अट घालावी: ज्वारी, हरभरा, चारा चालेल, कीटकनाशक चालणार नाही, पाण्याच्या कडेचा ठरावीक पट्टा मोकळा ठेवायचा, मार्चनंतर अंडी असतील तिथे औत घालायचे नाही. या अटीमुळे जे उत्पन्न बुडेल त्याचे पैसे शासनाने द्यावेत. कारखान्याला पॅकेज देता येते तर पट्टकादंबाने खाल्लेल्या हरभऱ्याला का नाही? गायरानाच्या बाबतीत आधी १९९१ च्या निर्णयाप्रमाणे सातबारा द्या, महिलेचे नाव त्यावर लावा आणि मग उरलेल्या माळावर गवत राखण्याचे काम त्याच कुटुंबांना मोबदल्यासह द्या. चोरून कसणारा माणूस माळ राखत नाही, कारण उद्या तो तिथे असेल की नाही हेच त्याला ठाऊक नसते. आणि आपल्या संघटनांनीही पट्टे विकणाऱ्या, बटईने पुढाऱ्याला देणाऱ्या आपल्याच माणसांना जाब विचारावा. ते काम वनखात्याचे नाही.

राहिला ऊस. जायकवाडीचे पाणी कोणत्या पिकाला, किती पाळ्यांत द्यायचे, हे दरवर्षी पावसाळा सरल्यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. मंत्री असतात, आमदार असतात, पाटबंधारे खात्याचे अभियंते असतात, बागायतदारांचे म्हणणे मांडणारे असतात. अभयारण्याचे पाणी वाटायला बसलेल्या या बैठकीत वनखात्याचा अधिकारी, गाळपेर कसणारा धरणग्रस्त, कहार समाजाचा प्रतिनिधी आणि परभणीच्या टेलचा कोरडवाहू शेतकरी यांना खुर्ची हवी. जलाशयाची पातळी दर महिन्याला किती उतरू द्यायची, हे तिथे इतिवृत्तात लिहिले जावे. या वर्षीची बैठक अजून व्हायची आहे. परभणी जिल्ह्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी तिची तारीख पाटबंधारे कार्यालयातून विचारून ठेवावी आणि या मागणीचे निवेदन त्याआधी पालकमंत्र्यांच्या हातात पडेल असे पाहावे.